खाऱ्या पाण्याचा पाहुणचार

दुपारचे बारा वाजलेत. काचेच्या भिंतीपलीकडे अटलांटिकच्या लाटा खडकांवर आपटतायत आणि हॉटेलच्या भोजनगृहात निम्मे लोक पांढरे टॉवेली झगे अंगात घालून मासे खातायत. पायात सपाता, केस ओले, चेहरे सुस्त. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या काही हॉटेलांत हे रोजचं दृश्य आहे. ही मंडळी ‘थालासो’ला आली आहेत. थालासोथेरपी, म्हणजे समुद्राचं पाणी, समुद्री शेवाळ, समुद्रातला चिखल आणि समुद्रावरची हवा यांच्या जोरावर शरीराची दुरुस्ती. हे नाव 1860च्या दशकात आर्काशों गावच्या जोझेफ द ला बोनार्दिएर या डॉक्टरने रूढ केलं. ब्रिटनीच्याच रॉस्कॉफमध्ये 1899 साली डॉक्टर लुई बागो यांनी समुद्राचं पाणी गरम करून संधिवाताच्या रुग्णांवर उपचार सुरू केले, आणि आजच्या साऱ्या पंचतारांकित थाटाची गंगोत्री तिथेच आहे.

सायकलवाल्याची करामत

पण दवाखान्याला हॉटेलची जोड मिळाली ती एका सायकलपटूमुळे. लुईझों बोबे हा ब्रिटनीतल्या बेकरीवाल्याचा मुलगा. ‘तूर द फ्रान्स’ ही जगातली सर्वांत खडतर सायकल शर्यत त्याने 1953, 1954 आणि 1955 अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली. सलग तीनदा जिंकणारा तो पहिलाच. 1961च्या डिसेंबरात मोटार अपघातात त्याच्या पायाला जबर दुखापत झाली. शर्यती संपल्या. पाय सावरायला तो रॉस्कॉफला गेला, तिथल्या गरम खाऱ्या पाण्यात त्याला गुण आला, आणि गडी तिथेच थांबला नाही. 1964 साली त्याने तारल्यांच्या डबाबंद कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या किबेराँ या गावात स्वतःचं केंद्र उघडलं, तेही ऐन समुद्राच्या काठावर.

बोबेने काय केलं, तर आजारी माणसाची जागा थकलेल्या माणसाला दिली. त्याआधी अशा ठिकाणी दुखणेकरी जात. त्यानंतर खेळाडू, व्यापारी, नोकरदार जाऊ लागले. मुक्काम, जेवण, व्यायाम आणि उपचार एकाच छपराखाली आले. साधारण सहा दिवसांचा कार्यक्रम आणि दिवसाला तीन-चार उपचार, हा फ्रान्समधला ठोकताळा आजही कायम आहे.

टबात सात किलो मीठ

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 200 लिटरच्या टबात तुम्ही बसलात, तर तुमच्याभोवती तब्बल 7 किलो क्षार विरघळलेले आहेत! त्यातलं बहुतेक आपलं नेहमीचं मीठ. शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट.

ब्रिटनीचा समुद्र हिवाळ्यात 9-10 अंशांवर उतरतो. त्यात उतरायला सिंहाचं काळीज हवं. म्हणून केंद्रं किनाऱ्यापासून थोडं आतलं पाणी नळांनी खेचून घेतात, गाळतात आणि 33-34 अंशांपर्यंत तापवतात. सँ-मालोला तर समुद्र स्वतःच एक चमत्कार आहे. तिथे मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरच्या वर जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. 1963पासून तिथे थालासोचं मोठं केंद्र चालू आहे. त्याहून जुनी गंमत म्हणजे गावच्या पुळणीवर 1937 साली बांधलेलं पोहण्याचं कुंड. भरती येते, कुंड गडप करते आणि ओसरताना ताज्या पाण्याने भरून ठेवते. तिथे तिकीटही नाही.

राजा बुडाला, बँड वाजला

इंग्लंडात या वेडाची सुरुवात आणखी आधीची. रिचर्ड रसेल या डॉक्टरने 1750 साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. तो रुग्णांना समुद्रात डुंबायला तर लावायचाच, वर तेच पाणी प्यायलाही लावायचा. (हे मात्र अजिबात करू नका. आपल्या रक्तातल्या क्षारांच्या मानाने समुद्राचं पाणी जवळजवळ चौपट खारट असतं. ते मीठ बाहेर टाकताना शरीर आपलंच पाणी गमावून बसतं.) रसेल ज्या मासेमारीच्या गावात स्थायिक झाला, तिथे त्याच्यामागोमाग उमरावांची रीघ लागली. ते गाव म्हणजे ब्रायटन.

तेव्हा समुद्रात उतरायची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. चाकांवरची लाकडी खोली घोडा पाण्यापर्यंत ओढून नेई. आत कपडे बदलायचे, दार उघडायचं आणि बाहेर उभ्या असलेल्या दणकट बायका तुम्हाला धरून बुचकळून काढायच्या. ब्रायटनची मार्था गन ही या बायकांची म्होरकी. दस्तुरखुद्द युवराजाची तिच्यावर मर्जी होती. 1789 साली तिसरा जॉर्ज राजा वेमथला समुद्रस्नानाला गेला, तेव्हा शेजारच्या गाडीत वादक बसवलेले होते. महाराजांनी डोकं पाण्याखाली घातलं आणि इकडे राजगीत सुरू झालं!

पाटण्याचा माणूस, ब्रायटनची चंपी

या गोष्टीतला मला सर्वांत प्रिय माणूस भारतीय आहे. दीन महोमेद, जन्म 1759, गाव पाटणा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसोबत वाढला, मग आयर्लंडला गेला. 1794 साली त्याने आपलं प्रवासवर्णन इंग्रजीत छापलं. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. लंडनमध्ये त्याने हिंदुस्थानी खानावळ काढली, ती बुडाली. तेव्हा त्याने वयाची पन्नाशी ओलांडलेली होती. एवढ्यावर कुणी हात टेकले असते. हा गडी ब्रायटनला गेला आणि समुद्रकाठी त्याने वाफेचं स्नानगृह थाटलं. औषधी वनस्पतींची वाफ घ्यायची, घाम निथळू द्यायचा, मग कापडी तंबूला पाडलेल्या फटींतून हात आत घालून अंग रगडायचं. भारतीय चंपी ब्रिटिश हाडांना मानवली. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम अशा दोन राजांची त्याला अधिकृत नेमणूक मिळाली. आज स्पामध्ये जे ‘समुद्र अधिक मालिश’ असं समीकरण असतं, त्याच्या जन्मदात्यांत या पाटण्याच्या माणसाचं नाव ठळकपणे यायला हवं. स्पाच्या चकचकीत माहितीपत्रकांत ते क्वचितच दिसतं, याची खंत वाटते.

दिवसभर करतात काय?

सकाळी बुडबुड्यांचा टब. त्यानंतर शेवाळाचा लेप: कोमट, हिरवट, समुद्राचा दाट वास असलेला लगदा अंगभर फासतात, वर प्लॅस्टिक गुंडाळतात आणि पांघरूण घालून वीस मिनिटं निजवतात. मग येतो खरा फ्रेंच मासला, फवारा. तुम्ही भिंतीजवळ उभं राहायचं. तीनेक मीटरवर उभा असलेला उपचारक नळीतून जोरदार धार सोडतो आणि टाचांपासून खांद्यांपर्यंत एकेक स्नायू पाण्याने बडवून काढतो. शेवटी आडवं निजून वरून कोमट पाण्याची रिमझिम आणि त्याच वेळी मालिश. मधल्या वेळात वनस्पतींचा काढा पीत, आरामखुर्चीत पडून समुद्र बघायचा. कुजबुजसुद्धा हळू.

यातल्या शेवाळाची कथा ऐकण्यासारखी आहे. ब्रिटनीचे शेवाळवाले होड्यांवर लोखंडी यांत्रिक हात बसवतात. टोकाला पिळदार आकडा असतो. तो पाण्याखाली फिरवून लॅमिनेरिया नावाचं लांब पट्ट्यांचं शेवाळ शेवया काट्यावर गुंडाळाव्यात तसं गुंडाळून उपटतात. याच जातीच्या शेवाळाच्या राखेतून 1811 साली आयोडीन सापडलं, तेही अपघाताने. बर्नार कुर्त्वा हा नेपोलियनच्या युद्धांसाठी लागणाऱ्या बंदुकीच्या दारूचा सोरा बनवत होता. राखेत गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली. आपल्या स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठाची कहाणी त्या वाफेपासून सुरू होते.

आणि समुद्राचा तो खास वास? तो आयोडीनचा नव्हे. त्यात मोठा वाटा आहे समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून तयार होणाऱ्या गंधकयुक्त वायूचा, डायमिथिल सल्फाइडचा.

कातडी पाणी पिते का?

माहितीपत्रकं सांगतात की कोमट पाण्यात त्वचेची रंध्रं उघडतात आणि खनिजं आत जातात. इथे मी थोडा ब्रेक लावेन. त्वचेचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवणं हे आहे, आणि ती ते चोख करते. बोटांना पडणाऱ्या सुरकुत्याच घ्या. आपल्याला वाटतं बोटं पाणी शोषून फुगली. पण ज्यांच्या बोटाची नस तुटलेली असते, त्यांच्या त्या बोटाला पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, हे 1930च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. सुरकुत्या मज्जासंस्था पाडते.

मग बरं वाटतं ते कशाने? कारणं भक्कम आहेत. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचा भार जेमतेम एक दशांश उरतो. दुखरे गुडघे आणि कंबर सुटकेचा श्वास टाकतात. ऊब स्नायू सैल करते. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर, छातीकडे ढकलतो. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून अर्ध्या तासाने सगळ्यांची पावलं स्वच्छतागृहाकडे वळतात! यात जादू नाही, पण आराम शंभर टक्के खरा आहे. संधिवात किंवा पाठदुखी असलेल्याला पाण्यातला व्यायाम मानवतो तो याच कारणांनी.

समुद्राच्या पाण्यावर अतोनात भरवसा ठेवणारा माणूस होता रने कँतों. 1897 साली त्याने एका कुत्र्याचं रक्त काढून त्याजागी सौम्य केलेलं समुद्राचं पाणी भरलं. कुत्रं जगलं. आपल्या शरीरातलं पाणी म्हणजे आदिम समुद्राचाच अंश, असा त्याचा सिद्धांत होता. पुढे त्याने पॅरिसमध्ये आजारी तान्ह्यांसाठी समुद्रजलाचे दवाखाने उघडले. त्याचा सिद्धांत विज्ञानाने जसाच्या तसा स्वीकारला नाही. समुद्राच्या पाण्याचा नाकातला फवारा मात्र आज आपल्याकडच्या औषधाच्या दुकानातही मिळतो.

बाळंतिणींनाही आमंत्रण

फ्रान्समधली बरीच केंद्रं आई-बाळासाठी खास आठवडा ठेवतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी आई तान्ह्याला घेऊन येते. तिच्या पाठीला मालिश, पोटाला व्यायाम, बाळ कोमट कुंडात हातपाय मारतं आणि आईला बाळाची मालिश शिकवली जाते. मराठी घरात तेल, शेक-शेगडी आणि मालिशवाल्या मावशी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. नव्या आईला काही दिवस कुणीतरी सांभाळायला हवं, हे दोन्ही किनाऱ्यांना उमगलेलं आहे. ते मला फार मोलाचं वाटतं.

इतरत्र धावती नजर

थालासोच्या पर्यटनात फ्रान्सखालोखाल नाव घेतलं जातं ते ट्युनिशियाचं. आयर्लंडच्या एनिस्क्रोन गावात 1912पासून शेवाळस्नानगृह चालू आहे; चिनी मातीच्या प्रचंड टबात गरम समुद्राचं पाणी आणि ताजं शेवाळ, बस्स. जपानच्या इबुसुकीला किनाऱ्यावरची वाळू खालच्या गरम झऱ्यांनी तापते. तिथे सुती किमोनो घालून गळ्यापर्यंत वाळूत पुरून घ्यायचं. मृत समुद्रात क्षार नेहमीच्या समुद्राच्या जवळपास दहापट, त्यामुळे बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. सोरायसिसच्या रुग्णांना तिथल्या ऊन-पाण्याचा चांगला उपयोग होतो.

निघण्याआधी

पॅरिसहून सँ-मालोला थेट वेगवान रेल्वे आहे, अडीच तासांच्या आत पोचवते. सामानात टोपी आणि अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख ठेवा. पुरुषांच्या सैल चड्ड्या फ्रेंच तरणतलावांत सहसा चालत नाहीत. थायरॉइडचा त्रास असेल तर शेवाळाच्या लेपाआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात आयोडीन भरपूर. हृदयविकार, गर्भारपण, ताप, उघडी जखम असेल तरीही आधी विचारा. आरक्षण करताना एक प्रश्न जरूर करा: कुंडात खरोखर समुद्राचं पाणी आहे ना? निव्वळ ‘मरीन’ पाटी लावून नळाचं पाणी वापरणारे स्पा जगात पुष्कळ आहेत.

फ्रान्सची सरकारी आरोग्य विमा योजना गरम झऱ्यांवरच्या तीन आठवड्यांच्या उपचाराचा काही खर्च देते, थालासोचा देत नाही. म्हणजे फ्रेंच माणूसही हे स्वतःच्या खिशातून करतो. तेव्हा सहा दिवसांचं महागडं पॅकेज झेपत नसेल तर हिरमुसू नका. बऱ्याच ठिकाणी एका दिवसाचा किंवा अर्ध्या दिवसाचा प्रवेश मिळतो. शेवाळ, चिखल, फवारे यांची लांबलचक यादी वगळा आणि समोर समुद्र दिसणाऱ्या गरम खाऱ्या कुंडात दोन तास तरंगत राहा. खरा गुण त्याच पाण्याला आहे.