कॅमेरा बॅगेतच पडून आहे?

हौसेनं घेतलेला कॅमेरा दोन महिने बॅगेतच आहे ना? ‘सोलापुरात काढण्यासारखं आहेच काय?’ म्हणत लडाखच्या ट्रिपची वाट बघू नका. जुळे सोलापुरातून गाडी काढा आणि ऊन तापायच्या आत विजापूर रोडवरचा संभाजी तलाव गाठा. महिनाभर तीच जागा, एकच लेन्स, रोज दहाच फोटो. आधी कंटाळा येईल. मग पाण्यावरचा बदलता उजेड, दबा धरून बसलेला बगळा दिसायला लागेल. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी समोर येईल, तेव्हा नजर तयार असेल. लाइक्स येवोत न येवोत, महिन्याअखेरीस आवडलेले दोन फोटो प्रिंट करून भिंतीवर लावा. मूड आपोआप येत नाही राव, आधी घराबाहेर पडावं लागतं!