विमानतळ ते रेल्वे स्थानक : बुऱ्हाणपूरच्या प्रवाशांसाठी

परदेशातून परतणारा बुधवारा येथील रहिवासी मुंबईस उतरला, तरी त्याचे घर सुमारे ५०० किलोमीटर दूर असते. हे अंतर मुंबई-इटारसी लोहमार्गाने कापता येते. अडचण असते ती विमानतळ ते रेल्वे स्थानक या पहिल्या टप्प्याची. रस्त्यावरील वाहतूक खोळंबल्यास आरक्षित गाडी चुकते आणि तिकिटाचे पैसे वाया जातात.

भुयारी मेट्रोमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. आरे ते कफ परेड हा सुमारे ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. त्यावरील २७ स्थानकांपैकी दोन विमानतळाच्या दोन टर्मिनलांसाठी आहेत. कफ परेडकडे जाणाऱ्या गाडीत बसल्यास गाडी न बदलता दादर अथवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे पोहोचता येते.

प्रवाशाने प्रथम आपल्या रेल्वे तिकिटावरील स्थानकाचे नाव पाहावे. गाडी कल्याणहून धरावयाची असल्यास टर्मिनल २ वरून आरेच्या दिशेने निघून लगतच्या मरोळ नाका स्थानकावर उतरावे. तेथून मेट्रो मार्ग १ ने घाटकोपर व पुढे लोकलने कल्याण गाठावे.

मध्यरात्री मेट्रो बंद असते. अशा वेळी अनोळखी इसमाशी भाडे न ठरवता विमानतळावरील प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पावती घ्यावी, अथवा पहाटेपर्यंत टर्मिनलमध्येच थांबावे. कष्टाने मिळविलेला पैसा सुखरूप घरी पोहोचावा, यासाठी एवढी दक्षता पुरेशी आहे.