धारवाडचा अर्ज

जून १८५६. धारवाडच्या सरकारी शाळेत नाव घालायला गेलेल्या एका महार मुलाला शाळेने परत पाठवलं. तो गप्प बसला नाही. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. ज्याचं दप्तर थेट गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कौन्सिलपुढे जातं, अशा सरकारकडे! शिक्षणखातं सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. शिक्षणाविषयीच्या १८५४ च्या वुडच्या खलित्याची शाईही वाळली नव्हती, आणि सरकारी शाळा कोणासाठी हा प्रश्न एका पोराने कागदावर मांडून ठेवला.

आपल्याकडे शिक्षणाच्या इतिहासाचं पहिलं पान भिडे वाड्यात उघडतं, आणि ते तिथेच उघडायला हवं. १८४८ ची मुलींची शाळा, मग महार-मांगांच्या मुलांसाठी जोतिराव-सावित्रीबाईंनी काढलेल्या शाळा, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. पण त्या शाळा लोकांनी पदरमोड करून, वर्गणी जमवून उभ्या केलेल्या. धारवाडच्या मुलाने मागितली ती सरकारी तिजोरीवर चालणारी, इतरांची मुलं जातात तीच शाळा. वेगळी नको, तीच हवी. या मागणीला सरकारला लेखी उत्तर द्यावं लागलं, आणि ते उत्तर हा आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला एक अत्यंत बोलका कागद आहे.

२१ जुलै १८५६ चा तो ठराव. सुरुवातीलाच सरकार म्हणतं की प्रश्न व्यवहारात फार अवघड आहे. मग कबुली: तत्त्वतः न्याय अर्जदाराच्याच बाजूने आहे, यात शंका नाही. त्याच्या वाटेत आलेले पूर्वग्रह लवकरच दूर होतील, अशी आशाही सरकार व्यक्त करतं. आणि नंतर येतो ‘पण’. एका किंवा थोड्या व्यक्तींसाठी युगानुयुगांच्या समजुतींत एकदम हात घातला, तर शिक्षणाच्या कार्याचंच मोठं नुकसान होईल. शिवाय अर्जदाराची ही अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने मध्ये पडून ती झटक्यात दूर करणं सरकारला शक्य नाही. अर्जदाराचं नावही ठरावात नाही. तो नुसता ‘महार अर्जदार’.

ठराव पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे, कारण पुढच्या पाऊणशे वर्षांची सगळी टाळाटाळ त्यात आधीच लिहून ठेवलेली आहे. न्याय कबूल, वेळ नाकबूल. बहिष्कार घालण्याची धमकी देणारे सवर्ण पालक इथे कायम गृहीत धरलेले. ते शाळा ओस पाडतील, ही भीती ठरावाचा खरा आधार. म्हणजे शाळा मोडण्याची ताकद ज्यांच्याकडे, त्यांची मर्जी राखायची आणि त्याची किंमत मात्र ज्याच्याकडे काहीच नाही त्या मुलाने चुकवायची. सरकारने अन्याय ओळखला नाही असं म्हणायची सोयच या कागदाने ठेवलेली नाही.

प्रकरण कलकत्त्याला गेलं. २३ जानेवारी १८५७ च्या पत्रात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने कळवलं, की मुंबई सरकारने बहुधा शहाणपणाच केला असावा; मात्र बंगाल इलाख्यात या मुलाला कुठल्याही सरकारी शाळेने प्रवेश नाकारला नसता. पाठ थोपटायची आणि त्याच वाक्यात कानही धरायचा, असं ते पत्र. चार महिन्यांत मीरतला उठावाचा भडका उडाला. तरीही एप्रिल १८५८ मध्ये, कंपनीचं राज्य संपायला काही महिने उरलेले असताना, लंडनहून कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने निकाल दिला: सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, आणि या तत्त्वापासून हटता येणार नाही.

मुलगा जिंकला, असं इथे लिहिता आलं असतं तर फार बरं झालं असतं. १८८१–८२ चे आकडे वेगळंच सांगतात. मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत अस्पृश्य गणलेल्या जातींची मुलं २,८६२, म्हणजे शेकडा एकही नाही. मधल्या शाळांत १७. हायस्कुलात शून्य. कॉलेजात शून्य.

त्याच सुमारास शिक्षणाची पाहणी करणारं हंटर कमिशन आलं. १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात जोतिराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या घामातून आलेला सारा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो हे ठणकावून सांगितलं आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. कमिशनने १८५८ चं तत्त्व पुन्हा उचलून धरलं खरं, पण त्याला शेपूट जोडलं: ते योग्य ती सावधगिरी बाळगून अमलात आणावं. सोबत शिफारस वेगळ्या शाळांची. सावधगिरी कोणी बाळगायची, हे सांगायची गरजच नव्हती. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात अस्पृश्य गणलेल्या ढेड मुलांना प्रवेश दिला म्हणून मोठ्या शाळा वर्षानुवर्षं ओस पडल्याचा दाखला सगळ्यांसमोर होता.

या सावधगिरीतून जन्माला आली ओसरी. हजेरीपटावर नाव, वर्गात जागा नाही. मुलगा बाहेर बसून आतला धडा ऐकणार. १८९० च्या दशकात दापोलीत महार पेन्शनरांनी शाळाप्रवेशाचा लढा दिला. ही सगळी पलटणीत आयुष्य घालवलेली माणसं. लष्करात त्यांच्या पोरांना शिक्षण मिळत होतं, त्यामुळे शाळा म्हणजे काय ते त्यांना नेमकं माहीत होतं. नगरपालिकेच्या शाळेत मुलांना घ्या म्हणून त्यांनी अर्जांमागून अर्ज केले. हाती आली ती ओसरीच. त्यांच्या चिकाटीवर स्वतंत्र पुस्तक व्हावं, इतकी ती मोठी आहे.

अशाच एका पेन्शनर सुभेदाराच्या मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं गेलं. भिवा रामजी आंबेडकर. तो वर्गात बसत असे, पण घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर. शाळेचा झाडलोट करणारा गडी त्या तरटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते परत घरी न्यायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही.

धारवाडचा ठराव पुढे याच मुलाने धुंडाळून काढला. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी तो, कलकत्त्याच्या पत्रासह, जसाच्या तसा मांडला. जुना कागद समोर ठेवून सरकारला त्याच्याच शब्दांत पकडण्याची ही त्यांची वकिली पद्धत तेव्हा ऐन बहरात होती.

धारवाडच्या उत्तराला उत्तर मात्र त्याआधीच एका संस्थानाने दिलं होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला रुपया दंड. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्ती आणून वाट दाखवलेलीच होती, आणि ब्रिटिश हद्दीत गोखल्यांचं असंच विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं होतं. पण कोल्हापूरचं खरं धाडस १९१९ चं. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा त्या वर्षीच्या दसऱ्यापासून बंद करून मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यायचा हुकूम निघाला. त्याच वर्षी सरकारी नोकरांनाही बजावण्यात आलं होतं, की ज्यांची अस्पृश्यांना समतेने वागवायची तयारी नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा आणि पेन्शनची आशा धरू नये. १८५६ मध्ये पूर्वग्रहाची किंमत पोराकडून वसूल झाली होती. इथे ती पूर्वग्रह बाळगणाऱ्याकडून वसूल करायचं ठरलं. मुंबई सरकारला जे ‘शक्य नाही’ वाटलं होतं, ते एका छोट्या संस्थानाने एका हुकमाने केलं.

ब्रिटिश हद्दीत मात्र कागद आणि गाव यांच्यातलं अंतर तसंच राहिलं. ऑगस्ट १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या कविठा गावी अस्पृश्य पालकांनी आपली मुलं गावच्या शाळेत पाठवली. धारवाडच्या अर्जाला तेव्हा ७९ वर्षं झाली होती. सवर्णांनी आपली मुलं काढून घेतली, मारहाण झाली, बहिष्कार पडला, आणि अस्पृश्यांच्या विहिरीत रॉकेल ओतलं गेलं. गांधीजींनी त्या कुटुंबांना गाव सोडण्याचा सल्ला दिला. आंबेडकरांना तो मुळीच पटला नाही. गुन्हा करणाऱ्यांना कोर्टात खेचायचं सोडून पीडितांनीच घरदार का सोडायचं, हा त्यांचा सवाल होता. १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. त्या घोषणेवर प्रतिक्रिया देताना, आंबेडकरांचा संताप आपण समजू शकतो असं म्हणत गांधीजींनी ज्या गावाचं नाव घेतलं, ते कविठा होतं.