विश्लेषण : मुलाची दुधाची बाटली का सुटत नाही? कपाची सवय कशी लावावी?

दीड-दोन वर्षांचे मूल पोळीचा तुकडा हाताने खाते, जिना चढते, मोबाइलवर हवे ते गाणे लावायला सांगते. दूध मात्र त्याला बाटलीतूनच हवे असते. कप पुढे केला की ते तोंड फिरवते, हात मारून दूध सांडते किंवा रडून घर डोक्यावर घेते. ‘निदान दूध तरी पोटात जातेय,’ असे म्हणत पालक पुन्हा बाटली देतात आणि आज-उद्या करता करता महिने निघून जातात. मूल खरोखर हट्ट करते का? बाटली किती दिवस चालवायची आणि ती रडारड न होता कशी सोडवायची?

बाटली कधी सुटायला हवी?

साधारण सहा महिन्यांनी वरचे अन्न सुरू होते, तेव्हाच कपाची ओळख करून द्यावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाटली १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान पूर्ण बंद करावी, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्लाही पहिल्या वाढदिवसानंतर बाटली टाळण्याचाच आहे. भारतात १९९२च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी आहे. स्तनपानाला हा नियम लागू नाही. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुरू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी किंवा दूध देताना बाटलीची गरजच नसते. ते थेट वाटी किंवा कपाने पिऊ शकते.

उशीर झाला तर काय बिघडते?

पहिला फटका दातांना बसतो. झोपेत तोंडातली लाळ कमी होते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दूध साचून राहते. त्यातल्या साखरेवर जिवाणू वाढतात, आम्ल तयार होते आणि दात किडतात. दुधात साखर किंवा बिस्किटाची पूड घातली असेल, तर हे आणखी लवकर होते. ‘दुधाचे दात पडणारच आहेत,’ हा समज चुकीचा आहे. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. कीड वाढली की मूल दुखण्यामुळे खाणेही टाळते.

दुसरा परिणाम रक्तावर होतो. बाटलीतून दूध सहज आणि जास्त पोटात जाते, त्यामुळे जेवणाची भूक राहत नाही. गाई-म्हशीच्या दुधात लोह फारच कमी असते आणि जास्त दुधामुळे अन्नातले लोह शोषण्यातही अडथळा येतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण देशात ६७.१ टक्के, तर महाराष्ट्रात ६८.९ टक्के आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, पण दुधावरच पोट भरणे हे घरात बदलता येण्याजोगे कारण आहे.

याशिवाय आडवे पडून बाटली पिणाऱ्या मुलांना कानाच्या संसर्गाचा धोका वाढतो. निपल आणि बाटलीचे कानेकोपरे नीट धुतले गेले नाहीत, तर जुलाब होऊ शकतात.

मूल कपाला नकार का देते?

याची कारणे दोन आहेत. पहिले कौशल्याचे. बाटली ओढताना जीभ मागे-पुढे होते आणि निपल तोंड भरून ठेवते. कपाने पिताना खालचा ओठ कडेला टेकवायचा, जबडा स्थिर ठेवायचा, छोटा घोट घ्यायचा आणि श्वास थांबवून तो गिळायचा, असा वेगळाच क्रम असतो. तो न शिकलेल्या मुलाच्या तोंडात एकदम दूध ओतले की ठसका लागतो आणि ते कपालाच घाबरते.

दुसरे कारण सवयीचे. बाटली म्हणजे मुलासाठी केवळ दूध नसते. आईची कूस, अंधार, झोप, शांतता हे सगळे तिच्याशी जोडलेले असते. झोपेच्या वेळी भुकेल्या, पेंगुळलेल्या मुलासमोर अचानक कप धरला, तर त्याला एकाच वेळी नवे कौशल्य शिकायचे असते आणि जवळची वस्तूही सोडायची असते. तिथेच बहुतेक प्रयत्न फसतात. म्हणून ही दोन कामे वेगळी करावीत. आधी दिवसा कपाने प्यायला शिकवावे आणि झोपेची बाटली सर्वांत शेवटी काढावी.

सिपर हा मधला टप्पा आहे का?

ते सिपरवर अवलंबून आहे. सिपर पाण्याने भरून उलटा धरा. थेंबही पडला नाही, तर आत व्हॉल्व्ह आहे. अशा सिपरमधून पिण्यासाठी मुलाला बाटलीसारखेच जोर लावून ओढावे लागते. जमीन कोरडी राहते, पण घोट घेणे मूल शिकत नाही. शिवाय असा सिपर दिवसभर हातात राहिला आणि त्यात दूध किंवा सरबत असेल, तर दातांचा धोका कायम राहतो. घ्यायचाच असेल तर व्हॉल्व्ह नसलेला, पाणी आपोआप येणारा सिपर घ्यावा. प्रवासात स्ट्रॉचा कपही चालतो. मात्र घरी सरावासाठी उघडा कपच उत्तम.

त्यासाठी खास खरेदीची गरज नाही. स्टीलचे लहान फुलपात्र किंवा वाटी पुरेशी आहे. अनेक घरांत बारशाला किंवा उष्टावणाला आलेले चांदीचे फुलपात्र कपाटात पडून असते. ते बाहेर काढायला ही योग्य वेळ आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही रुग्णालयात वाटी-चमच्याने दूध पाजतात, तेव्हा ‘अजून लहान आहे, जमणार नाही’ ही भीती बाळगू नये.

सुरुवात कशी करावी?

● पहिले काही दिवस कपात फक्त पाणी द्यावे. सांडले तरी दूध वाया गेले म्हणून कोणाची चिडचिड होत नाही.

● वेळ जेवणाची निवडावी. मूल ताठ बसलेले हवे आणि फार भुकेले किंवा झोपाळलेले नको.

● भांडे लहान असावे. मोठ्या पेल्याच्या तळाशी घोटभर पाणी ठेवले तर मुलाला मान मागे टाकावी लागते आणि ठसका लागतो.

● कड खालच्या ओठावर टेकवून पाणी ओठापर्यंत येऊ द्यावे आणि थांबावे. तोंडात ओतू नये, घोट मुलाला घेऊ द्यावा.

● पाणी पटकन वाहते. एक-दोन घोटांतच ठसका लागत असेल तर ताक किंवा वरणाचे दाटसर पाणी देऊन पाहावे.

● घरातले सगळे पाणी पितात तेव्हा मुलालाही त्याचे फुलपात्र द्यावे. मुले सांगण्यापेक्षा बघून लवकर शिकतात.

● तोंड फिरवले तर कप बाजूला ठेवावा. हात धरून पाजणे, नाक दाबणे, धाक दाखवणे टाळावे. पुढच्या जेवणाला पुन्हा विचारावे.

● दूध गरम असेल तर स्टीलचे भांडेही तापते. ते आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहावे.

बाटली कोणत्या क्रमाने बंद करावी?

मूल कपाने चार-पाच घोट घेऊ लागले की दुपारची बाटली आधी बंद करावी आणि ते दूध कपातून द्यावे. चार-पाच दिवसांनी किंवा आठवड्याने सकाळची बाटली काढावी. रात्रीची सर्वांत शेवटी.

रात्री बाटलीची जागा रिकामी ठेवू नये. जेवण, कपातून दूध, दात घासणे, मग मांडीवर घेऊन गोष्ट किंवा अंगाई असा क्रम रोज तसाच ठेवावा. मुलाला हवी असलेली जवळीक बाटलीशिवायही मिळते, हे त्याला काही दिवसांत कळते. एक वर्षावरील मूल फारच अडून बसले, तर रात्रीच्या दुधात दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचे प्रमाण वाढवत न्यावे आणि शेवटी बाटलीत केवळ पाणी ठेवावे. त्यात मुलाचा रस आपोआप कमी होतो. एक वर्षाखालील बाळाचे दूध मात्र असे पातळ करू नये.

घरात नियम एकच हवा. आईने बाटली बंद केली आणि दुपारी आजीने किंवा पाळणाघरात ती दिली, तर मुलाचा गोंधळ उडतो. आजी-आजोबा आणि पाळणाघरातील ताईंना आधीच सांगून ठेवावे. मूल आजारी असताना, घर बदलताना किंवा नुकतेच भावंड आले असताना हा प्रयोग सुरू करू नये.

मुलाने दूधच सोडले तर?

पालकांना सर्वाधिक भीती याचीच असते आणि बाटली परत येते तीही यामुळेच. कपावर येताना काही दिवस दूध कमी जाते, हे खरे आहे. पण एक वर्षानंतर दूध हे मुलाचे मुख्य अन्न राहत नाही. दही, ताक, पनीर धरून दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरते. दही-भात, नाचणीचे सत्त्व, तिळाची चटणी यांतूनही कॅल्शियम मिळते. दूध कमी झाल्यावर मूल वरण-भात, भाजी, अंडे जास्त खाऊ लागले, तर तो तोटा नव्हे, फायदाच आहे. दिवसभर नेहमीसारखी लघवी होत असेल आणि मूल खेळते असेल, तर धीर धरावा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

प्रत्येक घोटाला ठसका लागणे, नाकातून दूध येणे, प्यायल्यावर आवाज घोगरा होणे, घट्ट अन्न गिळताना सतत उलटीचा उमाळा येणे, वजन कमी होणे किंवा लघवी खूप कमी होणे, यांपैकी काही दिसले तर तो सवयीचा प्रश्न न मानता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल फिकट दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल तर रक्ततपासणीबद्दल विचारावे. वरच्या पुढच्या दातांवर हिरड्यांलगत पांढरे किंवा तपकिरी डाग दिसले, तर दंतवैद्यांकडे जावे. पांढऱ्या डागांच्या टप्प्यावर कीड थांबवता येते. खड्डा पडल्यावर मात्र उपचार मुलासाठी अवघड आणि पालकांसाठी खर्चिक ठरतात.