नव्या घराचे आडनाव
(आमच्या स्पेनमधील वार्ताहराकडून)

पांप्लोना, नावारा प्रांत, मार्च



मार्च महिन्याच्या पूर्वार्धात या नावारा प्रांताचे सगळे रस्ते एका गढीकडे वळतात. पांप्लोना या राजधानीपासून सुमारे 50 किलोमीटरांवर, आरागॉनच्या सीमेला खेटून, हावियेर नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील दगडी गढीत 7 एप्रिल 1506 रोजी जन्मलेल्या आणि पुढे गोव्यात येऊन सेंट फ्रान्सिस झेवियर या नावाने विख्यात झालेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ हजारो स्त्रीपुरुष, त्यांतले कित्येक तर रात्रभर चालून, तेथे पोचतात. 1885 साली पटकीच्या साथीने हा मुलूख हैराण झाला होता. तीतून निभावलो म्हणून पुढल्या वर्षी मोठा समुदाय नवस फेडावयास गेला, आणि यादवी युद्ध संपल्यानंतर, 1940 पासून, या पदयात्रेस आजचे नियमित स्वरूप आले.

मुंबईच्या 1869 साली निघालेल्या कॉलेजामुळे ‘झेवियर’ हा शब्द आपल्याकडे घरोघर माहीत आहे. परंतु तो मुळात एका घराचा वाचक होता, घरावरून गावाचा झाला, गावावरून एका कुटुंबाचे आडनाव झाला, आणि त्या कुटुंबातील एका ब्रह्मचाऱ्यामुळे पृथ्वीभर पसरला, हा त्याचा प्रवास मला येथे येईपर्यंत ठाऊक नव्हता. आडनावांच्या आधाराने मनुष्याचे कूळ, जात आणि हक्क शोधण्याचे काम आपल्या जालना जिल्ह्यात सध्या मोठ्या आस्थेने चालू असल्यामुळे हा वृत्तान्त वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आशा आहे.

बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेर्री’ म्हणजे नवे. या दोन शब्दांच्या समासातून ‘एचेबेर्री’ झाले; नावाराच्या पूर्वभागातील लॅटिनोद्भव बोलीच्या तोंडी त्यातल्या ‘बे’चा ‘बिये’ झाला, आरंभीचा आणि अखेरचा स्वर झिजून गेला आणि ‘शाबियेर’ एवढे उरले. पुढे स्पॅनिशमध्ये ‘श’चा उच्चार घशातील ‘ह’कडे वळला, आणि 1815 साली स्पॅनिश अकादमीने शुद्धलेखनाचे नियम सुधारून लेखनही उच्चाराच्या मागोमाग नेले. त्यामुळे आज तेच नाव स्पेनमध्ये हावियेर, बास्क मुलखात शाबिएर, पोर्तुगीजांत शाविएर, इटलीत साव्हेरिओ, तामिळनाडूत सवेरियार आणि इंग्रजांच्या मुखातून आपल्यापर्यंत आलेले झेवियर, अशा निरनिराळ्या वेषांत वावरते. त्याच मूळ शब्दाची एचेवेरिया, चावारी, चावारिया ही सख्खी भावंडे आहेत. 1970 ते 1976 या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष असलेले लुईस एचेवेरिया आणि आपल्याकडचे नवघरे आडनावाचे गृहस्थ एकमेकांस भेटले असते, तर आडनावाच्या अर्थापुरते तरी त्यांचे जमले असते. बास्क आडनावांवर लुईस मिचेलेना या भाषापंडिताने 1953 साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ चाळला की अशी शेकडो नावे भेटतात: एलिसोन्दो म्हणजे देवळाजवळचा, गोइकोएचेआ म्हणजे वरच्या घरचा, इबारा म्हणजे खोऱ्यातला, मेन्दिसाबाल म्हणजे रुंद डोंगरावरचा. एकाच आडनावाची दहा घरे असलेल्या आपल्या खेड्यांतही वेशीजवळचे, मळ्यातले, वाड्यावरचे असे भेद करावेच लागतात. फरक इतकाच की आपले भेद बोलण्यात राहिले आणि त्यांचे दप्तरात चढले.

आपल्याकडे वाडा ओळखला जातो तो धन्याच्या नावाने. बास्क प्रदेशात व्यवहार उलटा. घराचे नाव कायम, आणि त्यात जो राहावयास येईल त्याला ते चिकटणार, मग तो त्या घरात जन्मलेला असो वा लग्न करून आलेला असो. चर्चमधील घराण्याचे थडगे, सामाईक कुरणातला चराईचा हक्क, गावसभेतले आसन, या सर्व गोष्टी व्यक्तीच्या नसून घराच्या असत. बास्तान खोऱ्यातील गावांमधून हिंडताना, आपल्याकडे जेथे गणेशपट्टी असते तेथे किंवा तिच्या वरच्या भिंतीत, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचे एकच शिल्पचिन्ह घरामागून घरावर कोरलेले दिसते. ते चिन्ह कोणा एका सरदाराचे नाही. 1440 साली त्या खोऱ्यातील समस्त रहिवाशांची कुलीनता राजदरबारात मान्य झाली, आणि साध्या शेतकऱ्याच्या घरालाही ते मिरविण्याचा अधिकार आला.

घर अभंग ठेवावयाचे तर ते वाटून चालत नाही. म्हणून मुलामुलींपैकी एकाच अपत्यास, आणि कित्येकदा कन्येसही, सगळे घर व शिवार मिळे. बाकीच्यांनी हुंडा किंवा थोडी रोकड घेऊन चर्चमध्ये, फौजेत अथवा समुद्रापार नशीब काढावे, असा दंडक होता. आपल्याकडे पिढीगणिक वाटण्या होऊन शेताचे तुकडे झाले, येथे शेत राहिले आणि माणसे विखुरली; चिलीपासून मेक्सिकोपर्यंत बास्क आडनावांचा जो सुकाळ दिसतो त्याच्या मुळाशी हा वारसाहक्क मोठ्या प्रमाणात आहे.

फ्रान्सिस हा अशाच एका घरातला धाकटा मुलगा. त्याचे वडील हुआन दे हास्सो हे बोलोन्याच्या विद्यापीठाचे पदवीधर आणि नावाराच्या राजमंडळाचे अध्यक्ष. त्यांचे ‘हास्सो’ हे आडनाव पिरिनीज पर्वतापलीकडील एका खेड्याचे, म्हणजे आपल्या परतूरकर-अंबडकरांच्या जातीचे. हावियेरची गढी मात्र आईची. मारिया दे आस्पिलक्वेता हिच्या वारशाने ती या कुटुंबात आली. एक भाऊ आईचे आस्पिलक्वेता हे आडनाव लावी, धाकटा आईच्या गढीचे लावी, आणि यात कोणास काही विपरीत वाटत नसे. 1512 साली कास्तीलच्या फौजांनी नावारा जिंकले, 1516 साली कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकुमाने या गढीचे बुरूज पाडून खंदक बुजविण्यात आले, आणि 1521 साली थोरले भाऊ नावाराच्या बाजूने लढत असताना त्याच पांप्लोनाच्या वेढ्यात विरुद्ध पक्षाचा एक बास्क अंमलदार पायाला गोळा लागून जायबंदी झाला. तो अंमलदार इग्नेशियस लोयोला. लोयोला हेही घराचेच नाव; आणि पुढे पॅरिसमध्ये या शत्रुपक्षाच्या मनुष्यानेच फ्रान्सिसला आपल्या पंथात ओढले.

6 मे 1542 रोजी फ्रान्सिस गोव्यास उतरला, 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारला आणि 1622 साली संतपदास चढला. त्याला मूलबाळ नव्हते. तरीही आज ब्राझीलपासून फिलिपाइन्सपर्यंत हे नाव मिरविणारे लोक अगणित आहेत. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट केल्याबद्दल 1792 साली फासावर गेलेला ब्राझीलचा राष्ट्रवीर तिरादेंतिश याचे पूर्ण नाव जोआकिम जोझे दा सिल्वा शाविएर असे होते. खुद्द स्पेनमध्ये तर आडनावाचे पुन्हा जन्मनाव बनले असून ‘फ्रान्सिस्को हावियेर’ हे जोडनाव येथील अत्यंत प्रचलित पुरुषनामांपैकी आहे. यांतील बहुतेकांचा त्या गढीशी रक्ताचा संबंध नाही. भक्तीने, बाप्तिस्म्याने आणि सरकारी नोंदीने हा विस्तार घडविला. आपल्या जिल्ह्यास या गोष्टीचे नवल वाटू नये. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेले नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, बोहल्यावरून निघून गेले असे परंपरा सांगते. त्यांनी संसार केला नाही, पण ‘रामदासी’ हे आडनाव लावणारी कुटुंबे मराठवाड्यात आज नांदत आहेत.

नोंदीचा हात किती लांब पोचतो याचा नमुना फिलिपाइन्समध्ये पाहावा. तेथील स्पॅनिश गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया याने 1849 साली फर्मान काढून आडनावांची एक वर्णानुक्रमी यादीच गावोगाव धाडली आणि प्रत्येक कुटुंबाने तीतून आडनाव घ्यावे असे ठरविले, कारण करवसुलीस व खानेसुमारीस त्यावाचून अडत होते. आल्बाय प्रांतात तर गावच्या गाव एकाच अक्षराच्या आडनावांचे निपजले. वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. राज्य गेले तरी लोपीस, परेरा, गोन्साल्विस, रॉड्रिग्ज ही आडनावे मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत राहिली ती राहिलीच. आपल्या जालन्याजवळ मात्र स्कॉटिश मिशनच्या नारायण शेषाद्रींनी, ज्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1843 सालचा, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या अमदानीत मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली, आणि त्यांनी धर्म बदलला तरी नाव शेषाद्रीच ठेवले. मराठवाड्यातील ख्रिस्ती बांधव आजही गायकवाड, साळवे अशीच मराठी आडनावे लावतात. धर्म तोच, पण वहीवर बसलेला कारकून निराळा, एवढ्यानेच केवढा पालट झाला पाहा.

आजच्या स्पेनमध्ये प्रत्येक मनुष्यास दोन आडनावे असतात, पहिले बापाचे आणि दुसरे आईचे. 1870 च्या नोंदणी कायद्याने ही जुनी वहिवाट पक्की केली. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. 2017 पासून बापाच्या आडनावाचा अग्रक्रमही कायद्याने उरला नसून कोणते आधी घालावे हे आईबाप संमतीने ठरवितात. सामान्य आडनावाचा मनुष्य तर पुष्कळदा आईच्याच आडनावाने गाजतो. पाब्लो रुईस पिकासो यातील पिकासो हे आईचे. कवी गार्सिया लोर्का जगाला लोर्का म्हणून माहीत आहे, कारण एकट्या गार्सिया आडनावाचे लोक या देशात चौदा लाखांच्या घरात आहेत.

नगरपालिकेत रहिवासाची नोंद करावयास मी गेलो तेव्हा पत्रकावर आडनावासाठी दोन रकाने होते. मी एक भरून कागद पुढे सारला. खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून आईचे आडनाव विचारले. मी माहेरचे आडनाव सांगितले, तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने त्याचा पुरावा मागितला. माझ्याजवळच्या कोणत्याही कागदात ते नव्हते. अखेर नियमाप्रमाणे रकाना मोकळा सोडून काम झाले. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय केला, तो स्तुत्यच आहे. मात्र त्याने आईचे नाव कागदावर येते, तिच्या माहेरचे आडनाव येत नाही. आणि गंमत अशी की, पैठणच्या ज्या सातवाहनांचा अंमल आपल्या भोकरदनवर होता, ते गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणून आईच्या गोत्रानेच आपली ओळख देत असत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पॅरिसमध्ये शिकत असताना, 1531 साली, फ्रान्सिसने आपण कुलीन असल्याचा दाखला मिळावा म्हणून नावाराच्या न्यायासनापुढे अर्ज केला, कारण पांप्लोनाच्या चर्चमधील मानाच्या जागेसाठी तो उपयोगी होता. त्याचे नाव अमुक आहे, सबब तो कुलीन आहे, एवढ्यावर तेथे काम भागले नाही. आपल्या जुन्या महजरात जशा गोतसभेपुढे साक्षी होत, तशा आईच्या व बापाच्या दोन्ही बाजूंच्या चार घराण्यांविषयी साक्षी झाल्या. निवाडा 1536 साली लागला. तोपर्यंत फ्रान्सिसने, 1534 च्या ऑगस्टात, लोयोलाच्या सोबतीने दारिद्र्याचे व्रत घेतले होते, आणि एवढ्या खटपटीचा दाखला त्याच्या काही कामाचा राहिला नव्हता.

2023 साली आपल्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीहून मराठा आरक्षणाचे जे आंदोलन पेटले, त्यानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने निजामकालीन खासरापत्रके, पाहणीपत्रके, कुळांच्या नोंदवह्या यांवरची धूळ झटकली गेली, आणि पुष्कळ कुटुंबे वंशावळी मांडून बसली आहेत. त्या दप्तरांत ‘अमुक वल्द तमुक’ एवढ्यावरच नोंद आटोपलेली पुष्कळदा आढळते. आणि आडनाव असले तरी ते कुळाचे, वतनाचे की गावाचे, हे कारकुनाच्या मर्जीवर असे. म्हणून आडनाव जुळले यावरून हुरळून जाऊ नये व जुळले नाही यावरून खचूही नये. गाव, शिवार, वतन आणि बाप-आजा-पणजा यांच्या नावांची साखळी हीच खरी साक्ष होय. आणि वंशावळ लिहावयास बसलोच आहोत, तर घरात आलेल्या सुनांची माहेरची आडनावे व गावेही त्याच कागदावर नोंदून ठेवावी; ती उद्या सरकारी दप्तरात शोधू जाल तर बहुधा मिळणार नाहीत.



आपला,
वार्ताहर