दिलासा मिळतो, धीर धरावा लागतो : स्तोत्र ४२ आणि ४३



मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. सगळे निघून गेल्यावर हळूच म्हणाल्या, “सर, गेले सहा महिने मला प्रार्थनाच करता येत नाही. शब्दच येत नाहीत. माझा विश्वास संपला असेल का हो?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी जाताना स्वतःचाच राग आला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

आपण ख्रिस्ती माणसं ‘उत्तेजन’ हा शब्द फार वापरतो. सकाळी फोन उघडला की फुलांच्या चित्रावर एखादं वचन आलेलं असतं. त्यात वाईट काही नाही. पण आपल्या मराठीनेच इथे एक बारीक फरक करून ठेवला आहे. दिलासा मिळतो, धीर धरावा लागतो. दिलासा सांगतो की सगळं ठीक होईल. धीराला तसं काही सांगता येत नाही. ठीक झालेलं नसताना उभं कसं राहायचं, एवढंच तो शिकवतो. स्तोत्रसंहितेत दिलासा आहेच, पण मला वाटतं, तिचं रोजचं मोठं काम धीराचं आहे.

थोडी पार्श्वभूमी. स्तोत्रं एकूण १५०, पाच भागांत विभागलेली. हिब्रूत या संग्रहाला ‘तहिल्लीम’ म्हणतात, म्हणजे स्तवनं. गंमत अशी की या ‘स्तवनां’मध्ये मोठी संख्या विलापाची आहे. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्तोत्रांचे प्रकार लावले, तेव्हा एकेकट्या माणसाचा विलाप हा सर्वांत मोठा गट निघाला. याचा अर्थ काय? ज्यांनी हा संग्रह केला, त्यांना रडण्याची लाज वाटली नाही. देवाजवळ केलेली तक्रारही त्यांनी स्तवनातच धरली.

दुसरी गोष्ट या काव्याच्या घडणीची. ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक असलेल्या रॉबर्ट लाउथ यांनी हिब्रूंच्या पवित्र काव्यावर लॅटिनमध्ये व्याख्यानं दिली. ती १७५३ साली पुस्तकरूपाने आली. त्यांनी दाखवलं की इथे एक ओळ काही म्हणते आणि पुढची ओळ तेच जरा फिरवून, वाढवून किंवा उलटून म्हणते. ध्वनीच्या यमकापेक्षा अर्थाची जोडी महत्त्वाची. म्हणूनच ही कविता भाषांतरातही बरीचशी टिकते. मराठीत वाचतानाही तिची लय आपल्याला लागते. आणि दुःखी माणसाचं बोलणं आठवून पाहा. तोही एकच गोष्ट दोनदा सांगतो. एकदा सांगून भागत नाही.

आता स्तोत्र ४२ आणि ४३ काढा. क्रमांक दोन असले तरी ही एकच कविता असावी. अनेक हिब्रू हस्तलिखितांत ती सलग लिहिलेली आहे, ४३ ला वेगळं शीर्षक नाही, आणि एकच ध्रुवपद दोन्हींत मिळून तीनदा येतं : ४२ मध्ये ५ व्या आणि ११ व्या वचनात, ४३ मध्ये ५ व्या वचनात. बोलणारा माणूस मंदिरापासून दूर, उत्तरेला यार्देन आणि हर्मोनच्या मुलखात आहे. रडून रडून अन्नाची जागा अश्रूंनी घेतली आहे. भोवतालचे लोक टोमणा मारतात की तुझा देव कुठे गेला.

ध्रुवपदात तो स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू असा खचलास का, आणि त्याला सांगतो की देवाची वाट पाहा. आता नीट बघा, पुढे काय होतं. पहिल्यांदा हे म्हटल्याबरोबर, अगदी पुढच्याच वचनात, तो पुन्हा खचलेला आहे! धीर दिला आणि लागू पडला नाही. मग लाटा अंगावरून जातात, देवालाच प्रश्न विचारून होतो, आणि पुन्हा तेच ध्रुवपद. मग प्रार्थना, आणि तिसऱ्यांदा तेच. शेवटपर्यंत तो मंदिरात पोचल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

मग बदललं काय? पहिल्या भागात तो मागचं आठवतो : जमावाबरोबर उत्सवाला जात होतो ते दिवस. दुसऱ्या भागात आत्ताचा पूर आहे. तिसऱ्या भागात तो पहिल्यांदा काही मागतो. न्याय माग, प्रकाश माग, सत्य माग, म्हणजे वाट दिसेल. शब्द तेच राहिले, माणसाचं तोंड मात्र मागून पुढे वळलं.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे हात वर करणार : सर, ही स्वतःची समजूत घालणं झालं की! शंका रास्त आहे. पण समजूत घालणारा म्हणतो, ‘मी बरा आहे.’ हा तसं म्हणत नाही. आपण स्तवन करतो आहोत, असा त्याचा दावा नाही. पुढे कधीतरी करीन, एवढंच तो म्हणतो. आशा म्हणजे आजच्या भावनेचं वर्णन नव्हे. भावना नसतानाही आशा खोटी ठरत नाही.

स्तोत्र ८८ तर याच्याही पुढे जातं. तिथे शेवटही अंधारातच होतो. तरीही तो अंधार देवालाच सांगितलेला आहे. आणि मत्तय व मार्क सांगतात की वधस्तंभावर प्रभू येशूच्या ओठी स्तोत्र २२ चा आरंभ होता. स्वतः प्रभूला विलाप उसना घ्यावा लागला असेल, तर आपण शब्द उसने घेतले म्हणून विश्वास कमी पडत नाही. मराठी माणसाच्या कानाला हा सूर नवाही नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात ते आपण ऐकत आलो आहोत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी तीच भजनाची चाल आपल्या उपासनेत आणली.

एक घरचं सांगतो. माझी पत्नी गेली त्या आठवड्यात एक गृहस्थ आले, स्तोत्र २३ वाचलं आणि चहाही न घेता निघाले. मला राग आला नाही, कारण मीही कितीतरी घरी असाच घाईघाईने जाऊन आलो होतो. पुढच्या रविवारी मंडळीत मला गाता येईना. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न बोलता आपलं गीतपुस्तक माझ्या पुढ्यात धरलं आणि स्वतः गात राहिले. गळा त्यांचा बेसूर होता. पण त्या दिवशी माझ्या वाटचं त्यांनी गायलं.

स्तोत्र ४२ च्या शीर्षकात ते गायकवर्गाच्या प्रमुखासाठी असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे एका माणसाचं एकाकी दुःख मुद्दाम सगळ्यांच्या गळ्यात दिलेलं आहे.

तेव्हा बाई, तुम्ही आज आला असाल तर ऐका. तुमचा विश्वास संपलेला नाही. तुमचे शब्द संपलेत. ते पुस्तकात ठेवलेले आहेत. आठवडाभर रात्री झोपण्यापूर्वी ४२ आणि ४३ सलग, मोठ्याने वाचा. ध्रुवपदाशी थांबा. पहिल्यांदा काही वाटणार नाही. त्यालाही वाटलं नव्हतं. पुढे वाचा. आणि वाचवलंच नाही तर रविवारी येऊन नुसत्या बसा. आम्ही म्हणू.

पुढच्या वेळी स्तोत्र १३० घेऊ. येताना वाचून या.