मोठ्या घरची वाटणी आणि आपला सातबारा



आज आपण फार श्रीमंत घरांतल्या वाटणीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यांच्या करोडोंशी आपलं काय देणंघेणं? पण वाटणीच्या वेळी माणसं कशी वागतात, ते मोठ्या घरात ठळक दिसतं. त्यांची भांडणं पेपरात येतात, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं.

पहिलं घर अंबानींचं. रिलायन्स उभी करणारे धीरूभाई ६ जुलै २००२ रोजी वारले. एवढा मोठा पसारा, पण मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुकेश आणि अनिल, दोघंही धंद्यातच होते. पुढे दोघांचं बिनसलं आणि २००४ मध्ये ते चारचौघांत आलं. शेवटी आई कोकिलाबेन मध्ये पडल्या आणि जून २००५ मध्ये वाटणी झाली. तेलाचा कारखाना मुकेशकडे, वीज आणि टेलिफोनचा धंदा अनिलकडे. तरी गॅसच्या दरावरून दोघांच्या कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. निकाल लागला २०१० मध्ये, म्हणजे वडील गेल्यावर आठ वर्षांनी. धीरूभाईंना दोन मुलीही होत्या. उद्योगाची वाटणी मात्र दोन मुलांतच झाली.

दुसरं घर चेन्नईच्या मुरुगप्पांचं. बीएसए आणि हर्क्युलिस सायकली यांच्याच. या घरातले एम. व्ही. मुरुगप्पन २०१७ मध्ये वारले. मागे पत्नी आणि दोन मुली. घराण्याच्या मुख्य कंपनीत त्यांचा सुमारे आठ टक्के वाटा होता, तो या तिघींकडे आला. श्रीमंतांची संपत्ती बहुतेक अशीच असते. शेअर्स एका कंपनीत ठेवलेले असतात आणि ती कंपनी कशी चालवायची, हे संचालक मंडळ ठरवतं. मोठी मुलगी वल्ली अरुणाचलम, शिकलेली इंजिनियर. तिने या मंडळात जागा मागितली. २०२० मध्ये मतदान झालं आणि घरच्याच भागधारकांनी तिला नाकारलं. पुढे २०२३ मध्ये घरात तडजोड झाली.

म्हणजे वाटा होता, पण बैठकीत जागा नव्हती. आपल्याकडे वेगळं काय होतं? सातबाऱ्यावर बाईचं नाव असतं, पण जमीन विकायची ठरते तेव्हा तिला फक्त सहीला बोलावतात.

तिसरं घर आपल्या मुंबईचं, गोदरेजांचं. कुलपं-कपाटं आणि साबणवाले. १८९७ पासूनचा उद्योग. २०२४ मध्ये त्यांनी तो दोन शाखांत वाटून घेतला. कोर्टात न जाता, बोलून आणि लिहून.

आता आपल्या घरी काय करायचं?

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. हा कायदा २००५ चा. वडील त्याआधी वारले असले तरी हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे वेगळे आहेत, ते जाणकाराकडून समजून घ्या.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. त्याला स्टँप लागत नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. वाटा मिळणाऱ्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आपल्या स्वतःच्या वाट्याचंच मृत्युपत्र करता येतं, दुसऱ्याच्या वाट्याचं नाही.

बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे हातात घेतो, पण ते वारसांचे असतात.

आणि हक्कसोड. भावाच्या प्रेमापोटी सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा निर्णय. पण आधी कागद पूर्ण वाचून घ्या आणि सहीला एक दिवस थांबा. एकदा नोंदणी झाली की तो परत फिरवणं फार अवघड.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घराचा उतारा आणि सातबारा आणावा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते एकमेकींना वाचून दाखवा. आपलं नाव असायला हवं आणि नाही, असं दिसलं तर तलाठ्याकडे चौकशी करा. आणि घरातली कर्ती माणसं धडधाकट आहेत तोवर हा विषय काढा. आजारपणात काढला तर तो कडू लागतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.